वाढई, सागवान आणि बिलावरचा 'फि.'



हा अंक हातात घेऊन आपण जिथे बसला आहात, तिथून जरा सभोवार नजर टाका. खुर्ची असेल, टेबल असेल, कोपऱ्यात आलमारी असेल, भिंतीला लागून दिवाण असेल. आता वस्तू सोडा आणि त्यांची नावे तेवढी बघा. खुर्ची हा शब्द अरबांच्या कुर्सीवरून आलेला. टेबल, स्टूल इंग्रजांचे. दिवाण फारसी. पूर्वी दिवाण म्हणजे राजाचा कारभारी, आता दिवाण म्हणजे जिच्या पोटात जुन्या गोधड्या कोंबता येतात ती पेटी. आलमारी तर थेट पोर्तुगीजांची. पोर्तुगीज काही नागपुरात राज्य करायला आले नाहीत, पण त्यांचा शब्द आला आणि असा रुजला की पुण्याचा पाहुणा 'कपाट' म्हणाला की आपल्या पोरांना हसू येते. कपाट म्हणजे मुळात दार. तेव्हा हसायचेच असेल तर दोन्हीकडे हसायला जागा आहे!

या सगळ्या पाहुण्यांच्या गर्दीत घरचे शब्द दोन-चारच उरतात. खाट, पिढे, फळी, माच. आणि या वस्तू करणारा तो वाढई. आज आम्ही लिहिणार आहोत ते या लाकडाच्या शब्दांवर. संसाराच्या पानावर हा कसला विषय, असे काही भगिनींना वाटेल. पण पुढे बिलाची गोष्ट येणार आहे, ती वाचून मग ठरवा.

आम्ही राहतो तो बेसा भाग एके काळी शेताचा. आता नगर पंचायत आहे, मानेवाड्याकडून येणाऱ्या रस्त्याला फ्लॅटच्या स्कीमा आहेत आणि फर्निचरची दुकानेही आहेत. जुनी मातीची घरे ज्यांनी पाहिली, त्यांना त्या घरातले लाकूड पाठ असते. वर मधोमध आडे, त्याला आधार मयालीचा, त्यावर फाटे आणि फाट्यांवर कवेलू. मयाल सागाची, वखर-नांगर बाभळीचा. कोणते लाकूड कोणत्या कामाला, हे घरातल्या म्हातारीलाही कळे. घरात सामान ते किती? एक खाट, एक-दोन पिढी, आणि असलीच तर लग्नात आलेली पेटी. खाटेच्या उभ्या दांड्याला गाते म्हणत, पायाला खूर म्हणत. जनावरालाही खूर आणि खाटेलाही खूर. आजच्या मुलांना गाते म्हटले की गाणारी बाई आठवते. त्यात त्यांचा दोष नाही, घरात खाटच उरली नाही.

पण खाट होती म्हणजे तिच्यावर बसता येत होते, असे मात्र नव्हे. गावात पाटलाच्या ओसरीसमोर आपला आजा उभा राही, नाहीतर मातीत बसे. स्वतःच्या दारात, स्वतःच्या खाटेवर बसलेला असला तरी वरच्या जातीचा माणूस रस्त्याने जाताना त्याने उठून उभे राहायचे, ही कित्येक गावांची रीत. बाबासाहेबांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. त्या शाळेत इतर मुलांबरोबर बसायची त्यांना मुभा नव्हती. वेगळ्या कोपऱ्यात गोणपाटाच्या तुकड्यावर ते बसत, आणि शाळा झाडणारा माणूसही त्या तुकड्याला हात लावीत नसे, म्हणून तो रोज संध्याकाळी घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात मास्तरांनी गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, तर फळ्यामागे ठेवलेले डबे बाटतील म्हणून मुलांनी ते धावत जाऊन उचलले. फळा म्हणजे तरी काय, लाकडाची फळीच. म्हणून आपल्या समाजाला खुर्ची, बाक, पाट, फळा ही नुसती सामानाची यादी वाटत नाही. एखाद्या गावात मागासवर्गीय सरपंचाला खुर्ची दिली नाही, अशी बातमी आजही वर्तमानपत्रात येते, ती उगाच नव्हे.

आता वाढईकडे वळू. पुस्तकी मराठीत याला सुतार म्हणतात. विदर्भात जुनी माणसे वाढई म्हणतात, आणि शहरात शिकलेली मुले त्या शब्दाला गावठी समजून टाकून देतात. आमचे त्यांना सांगणे आहे की, टाकण्यापूर्वी जरा पालीचा कोश उघडून पाहा. पालीत सुताराला म्हणतात वड्ढकी. संस्कृतात वर्धकी, प्राकृतातून पुढे येत येत आपला वाढई आणि हिंदीतला बढई. म्हणजे ज्या शब्दाला आपण गावठी म्हणतो, तो तथागतांच्या काळच्या लोकभाषेचा वारस आहे. 'सुतार' हा शब्दही 'सूत्रधार' म्हणजे सूत धरणारा यावरून आला. पालीत सूत म्हणजे सुत्त. सुत्तपिटकातला सुत्त आणि लाकडावर रेघ मारणारा सुत्त, दोन्ही लिहायला एकच. वाढईच्या त्या सुताला पालीत काळसुत्त म्हणत, कारण ते काळ्या रंगात बुडवून लाकडावर ताणून मारीत आणि सरळ रेघ उमटे. आजही मिस्त्री रंगात बुडवलेला दोरा ताणून फटका मारतो. 'सुतासारखा सरळ' हे आपण माणसाबद्दल बोलतो, ते मूळचे लाकडाबद्दलचे.

पिढे हे पालीतले पीठ. माच म्हणजे मंच, पालीत त्याचा अर्थ खाट. फळी म्हणजे फलक. तासणे या आपल्या क्रियापदाचा भाऊ पालीतला तच्छक, म्हणजे लाकूड तासणारा. धम्मपदाच्या पंडितवग्गात पाटाचे पाणी वळवणारा, बाण सरळ करणारा आणि लाकडाला आकार देणारा तच्छक, या तिघांची उदाहरणे देऊन शहाण्या माणसाने स्वतःला कसे घडवावे हे सांगितले आहे. राजे-महाराजे सोडून तिथे तीन कष्टकरी घेतले, हे ध्यानात घ्या. आणि हो, पालीत लाकडाला दारु म्हणतात. विहारात पाली शिकवताना हा शब्द आला की मागच्या रांगेतले तरुण एकमेकांकडे बघून हसतात. पाचव्या शीलात जी येते ती दारू निराळी, बाबांनो!

अलीनचित्त जातकात वाढयांची एक सुंदर गोष्ट आहे. वाराणसीजवळ पाचशे वाढयांचे गाव होते. ते नावेत बसून नदीच्या वरच्या अंगाला जात, जंगलात लाकूड तोडत आणि तिथल्या तिथेच एकमजली, दुमजली घरांचे भाग तयार करीत. खांबापासून सुरुवात करून प्रत्येक तुकड्यावर खूण करीत, मग सगळे नदीकाठी आणून नावेत भरीत आणि शहरात येऊन ज्याला जसे पाहिजे तसे घर जोडून देत. आज दुकानदार 'मॉड्युलर' म्हणून ज्याचे चढे दाम सांगतो, ते यापेक्षा काय वेगळे आहे? पुढे त्या गोष्टीत एका हत्तीच्या पायात लाकडाचा सळ घुसतो. वाढई तो काढतात, जखम धुऊन बरी करतात. मग हत्ती त्यांचे ओंडके लोटतो, सोंडेत धरून हत्यारे आणून देतो, आणि जेवणाच्या वेळी पाचशे जण एकेक घास बाजूला काढून त्याला खाऊ घालतात. कामाचे दाम कसे द्यावे, हे या गोष्टीत कोणी न सांगता कळते. लहान मुलांना ही गोष्ट जरूर सांगा.

विनयपिटकात तर खाटांचे प्रकारच दिले आहेत. एकीचे नाव कुळीरपादक, म्हणजे खेकड्याच्या पायासारखे वाकडे पाय असलेली. दुसरी आहच्चपादक, जिचे पाय काढता-घालता येतात. भिक्खूने नवी खाट किंवा पीठ करून घेतले तर त्याचे पाय सुगताच्या अंगुळाने आठ अंगुळांपेक्षा उंच नसावेत, जास्त झाले तर कापून टाकावेत, असा नियम आहे. अष्टशील घेणाऱ्या आपल्या उपासिकांना उंच आणि मोठ्या आसनाचे शील ठाऊक असते, त्याचीच ही बाजू. आणखी एक नियम असा की, संघाची खाट किंवा पीठ उघड्यावर मांडले तर जाताना ते उचलून ठेवावे, नाहीतर उचलायला सांगून जावे. आमच्या मते हा नियम प्रत्येक विहाराच्या भिंतीवर रंगवून घेतला पाहिजे. कार्यक्रम संपल्यावर विहाराच्या खुर्च्या पावसात कुडकुडत उभ्या असतात, आणि 'खुर्च्या मोडल्या, वर्गणी द्या' म्हणत पुन्हा आपणच दारोदार हिंडतो.

वाढईच्या हातातले वाकस, नागपूरकडे ज्याला बसुला म्हणतात, ते पालीत वासि. संयुत्त निकायात वासिजट सुत्त आहे. त्यात म्हटले आहे की, वाकसाच्या दांड्यावर वाढईच्या बोटांचे ठसे उमटलेले दिसतात, पण आज दांडा किती झिजला, काल किती झिजला, हे त्याला सांगता येत नाही. झिजून गेला की मात्र कळते. साधना करणाऱ्याच्या मनातला मळ असाच झिजत जातो. ज्याने रोज हत्यार धरले आहे त्यालाच ही उपमा पटकन पटेल.

आता एक जरा कडू गोष्ट. आज लाकूड जोडायचे म्हटले की पांढरा फेविकॉल. तो १९५९ साली आला. त्याआधी वाढई वापरीत तो सरस, आणि सरस बनतो जनावरांच्या कातड्या-हाडांपासून. तो उकळला की वास येई. कातड्या-हाडांचे काम करणाऱ्यांना ज्यांनी गावाबाहेर ठेवले, त्यांच्या घरातल्या पेट्या, पलंग, मेज याच सरसाने सांधलेले होते. वस्तू चालते, सांधा चालतो, सांधणारा चालत नाही. अधिक काय लिहावे!

असो. आता बिलाकडे येऊ, कारण हिशेबाची वही हा आमचा रोजचा धंदा आहे.

आमच्या विहारात येणारे एक कुटुंब आहे. बाप बुटीबोरीला ठेक्यावर कामाला, आई दोन-तीन फ्लॅटमध्ये पोळ्या लाटते. मुलीच्या लग्नात आंदण म्हणून दिवाण आणि आलमारी दिली. (आंदणावर आमचे मत वाचकांना माहीत आहे. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे, आणि आम्ही नको म्हटले तरी आई-बाप देतात.) दोन्ही मिळून ३८ हजार रुपये, अर्धे रोख, अर्धे हप्त्याने. दुकानदार तोंडाने 'सागवान, सागवान' म्हणत होता. लग्न वैशाखात झाले. श्रावणात दिवाणाच्या तळाची फळी फुगली, कडेचा भुसा गळू लागला आणि बिजागरीचे स्क्रू हाताने उपटून आले. दुकानात गेले तर उत्तर मिळाले, "तुमच्याकडं पाणी लागलं असंल, ताई." बाई बिल घेऊन आमच्याकडे आल्या. बिलावर लिहिले होते, 'दिवाण, टीक फि.' हा 'फि.' म्हणजे फिनिश. सागवानाचा नव्हे, सागवानासारखा दिसणारा! आत सगळा पार्टिकल बोर्ड. एका अक्षरात १९-२० हजारांचा दिवाण कुठल्या कुठे गेला. आम्ही दोघे-तिघे जण त्यांच्याबरोबर दुकानात गेलो, शांतपणे बोललो. तळाला प्लाय मारून मिळाला, पैसे काही परत मिळाले नाहीत. लेखी जे होते ते दुकानदाराच्या बाजूचे होते.

म्हणून हे शब्द समजून घ्या. प्लाय म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवलेले, एकाचे तंतू उभे तर दुसऱ्याचे आडवे, म्हणून तो सहसा वाकत नाही. ब्लॉकबोर्डमध्ये दोन पापुद्र्यांच्या मध्ये लाकडाच्या पट्ट्या असतात. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाच्या चुऱ्यात रसायन घालून दाबलेली फळी. दिसायला गुळगुळीत, दामाला स्वस्त, पण पाण्याची वैरीण. एकदा फुगली की परत बसत नाही, आणि स्क्रू एकदा निघाला की त्याच भोकात पुन्हा धरत नाही. एम.डी.एफ.मध्ये चुऱ्याऐवजी लाकडाचे बारीक तंतू दाबलेले असतात, त्यावर नक्षी छान निघते, पाण्याची गोष्ट बहुतेक तीच. व्हिनियर म्हणजे खऱ्या लाकडाचा कागदासारखा पापुद्रा, वरून चिकटवलेला. आणि सनमायका हे मुळात एका कंपनीच्या मालाचे नाव, आता कोणत्याही छापील पत्र्याला तेच म्हणतात. त्यावरची सागाची रेघ ही फोटोतली रेघ आहे, झाडातली नव्हे.

यातली कोणतीही वस्तू वाईट असे आम्ही म्हणत नाही. गरिबाच्या घरात प्लायची आलमारी चांगली वीस वर्षे टिकते. पण प्लायचे दाम देऊन भुसा घ्यायचा नाही, आणि सागाचे दाम देऊन प्लाय घ्यायचा नाही. ओळखायचे कसे? खण बाहेर ओढा आणि उलटा करून बघा. मागची बाजू बघा, दिवाणाचा तळ बघा. पुढून सगळेच सागवान असते. खऱ्या लाकडात पृष्ठावरची रेघ कडेवर वळून पुढे चालू राहते, व्हिनियरमध्ये कडेला येऊन तुटते. खऱ्या सागातही गाभ्याचे लाकूड पिवळट तपकिरी आणि टिकाऊ, सालीजवळचे पांढरट. त्या पांढऱ्याला कीड लवकर लागते. ते रंगाखाली लपवतात, म्हणून पॉलिश मारण्याआधी माल बघायला मागा.

प्लाय घेताना त्यावर आय.एस.आय.चा शिक्का आणि आय.एस. ३०३ की आय.एस. ७१० हे छापलेले असते. ३०३ हा साधारण वापराचा, ७१० ला मरीन म्हणतात, तो जास्त पाणी सोसतो. दुकानात एम.आर. म्हणजे ओल सोसणारा आणि बी.डब्ल्यू.आर. म्हणजे उकळते पाणीही सोसणारा. मोरीजवळच्या कामाला एम.आर. लावून कोणी बी.डब्ल्यू.आर.चे दाम घेत असेल तर विचारा. जाडीही मोजा. मिस्त्री सुतात बोलतो. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत साधारण तीन मिलिमीटर. सहा सुती म्हणजे पाऊण इंची, १९ मिलिमीटर. १८ च्या नावाने १६ चा दिला तर नववा हिस्सा माल गेला, आणि डोळ्याला ते दिसतही नाही.

कापलेले लाकूड घनफुटावर विकतात. हा हिशेब चौथीतल्या मुलीलाही येईल. लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागा. दाराची चौकट घ्या. सात-सात फुटांचे दोन उभे, साडेतीन फुटांचा एक आडवा, मिळून साडेसतरा फूट. माल चार बाय अडीच. १७.५ गुणिले ४ गुणिले २.५ म्हणजे १७५. त्याला १४४ ने भागले की १.२१. म्हणजे सव्वा घनफूटही भरत नाही. दुकानदार 'दीड घनफूट' लिहून मोकळा होतो. दर ३००० रुपये धरला तर एका चौकटीमागे साडेआठशे रुपये हवेत गेले. दोन-तीन चौकटी असल्या की बाईचा महिन्याचा किराणा झाला.

सागवानाचे आपल्याला कौतुक असायला हरकत नाही. व्यापारात त्याला 'सी.पी. टीक' म्हणतात, म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचा साग. तो प्रांत गेला, नागपूर त्याची राजधानी होती तेही १९५६ साली संपले, पण लाकडाच्या बाजारात तो प्रांत अजून जिवंत आहे. आलापल्ली, बल्लारशाहचा साग नावाजलेला. २०२३ साली उद्घाटन झालेल्या नव्या संसदभवनालाही नागपूरकडचे सागवान गेले. पण हेच नाव लावून बाहेरदेशचे लाकूडही खपते, तेव्हा 'सी.पी.' म्हटले असेल तर 'सी.पी.' असे बिलावर लिहून मागा.

पावसाळ्यात दार अडकते, याचा घोर बऱ्याच घरांत असतो. लाकूड ओल पिऊन आडवे फुगते, लांबीत जवळजवळ फुगत नाही. एक म्हातारे वाढई आम्हाला म्हणाले होते, "साहेब, आखाडात रंधा माराल तर वैशाखात फट पडंल." आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, लाकूड कोरडे ठणठणीत होते. तेव्हा पावसात अगदी अडेल तेवढेच घासा, बाकी कोजागिरीपर्यंत धीर धरा.

बिलात फसवणूक झालीच तर ग्राहकाला दाद मागता येते. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी फी लागत नाही, घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करायची. आधी १९१५ या क्रमांकावर फोन करून बघावा. बिल द्यायला नकार देणे हीसुद्धा त्या कायद्याने अनुचित प्रथा आहे. 'पक्के बिल नको, जी.एस.टी. वाचवा' या गोड बोलण्याला भुलू नका. वाचतो तो त्याचा टॅक्स, जातो तो तुमचा पुरावा.

आता दुसरी बाजू, कामगाराची. बेशाच्या फ्लॅटमध्ये फर्निचरचे काम करणाऱ्या कारागिरांत उत्तर प्रदेश-राजस्थानकडची माणसे पुष्कळ दिसतात. आपल्या वस्त्यांतली पोरे त्यांच्या हाताखाली हेल्पर म्हणून जातात. चार-चार, पाच-पाच वर्षे हेल्परच राहतात. आम्ही काही पोरांना विचारले की मिस्त्री का होत नाही? एक जण म्हणाला, "भाऊ, तो म्हंते 'वो दे', मी देतो." एवढेच शिक्षण! हत्याराचे नाव कळत नाही, मग काम कसे कळणार? त्यात नावांचा तिहेरी घोळ. आपण करवत म्हणतो, मिस्त्री आरी म्हणतो, आय.टी.आय.च्या पुस्तकात सॉ. आपण पटाशी म्हणतो, तो रुखानी म्हणतो, पुस्तकात चिझल. काटकोन पाहायचा तो आपला गुण्या, पुस्तकात ट्राय स्क्वेअर. कूस आणि कुसाचे भोक यांना पुस्तकात टेनन आणि मॉर्टिस. तिन्ही नावे पाठ करणारा पोरगा नकाशा वाचू शकतो, आणि नकाशा वाचणाऱ्याची मजुरी चौरस फुटाने ठरते, हजेरीने नव्हे. आपल्या एका ओळखीच्या मुलाने आय.टी.आय.मधून सुतारकामाचा ट्रेड केला, आज तो स्वतःचे ठेके घेतो. त्याच्या घराण्यात सात पिढ्यांत कोणी रंधा धरला नव्हता. गावगाड्यात वाढईचे काम वाढयाच्याच घरात राही, हत्याराचे नावसुद्धा बापाकडून मुलाकडे जाई. ती भिंत १९५० पासूनच्या आय.टी.आय.च्या शिक्षणाने फोडली.

म्हणूनच आम्हाला १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पी.एम. विश्वकर्मा योजनेतला एक शब्द खटकतो. योजनेत सुतारकामासह अठरा धंदे आहेत, हत्यारांसाठी १५ हजार रुपये आहेत, ५ टक्के व्याजाने आधी एक आणि मग दोन लाखांचे कर्ज आहे. या सवलतींना आमचा विरोध नाही, ज्याला मिळेल त्याने घ्याव्यात. पण पात्रतेत 'कुटुंबाधारित पारंपरिक व्यवसाय' अशी अट घातली आहे. ज्याच्या बापाने रंधा धरला नाही, त्याचे काय? बाबासाहेबांनी १९३६ सालीच बजावले होते की, जात ही कामाची वाटणी राहत नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते. तामिळनाडू सरकारने याच कारणाने २०२४ साली ही योजना आहे त्या रूपात राबवायला नकार दिला आणि २०२५ साली जातीचा संबंध नसलेली स्वतःची योजना काढली. आपल्याकडे या अटीवर कोणी आवाज उठवला तर आम्ही त्यात आहोत.

तोवर हातात आहे ते करू. इमारतीच्या कामावर सुतारकाम करणाऱ्यांना बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी करता येते. यामागचा मूळ कायदा १९९६ चा होता. वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम, एवढी अट. यात बापाचा धंदा कोणी विचारत नाही. ९० दिवसांचा दाखला ठेकेदाराकडून आधीच मागून ठेवावा, काम संपल्यावर तो फोन उचलत नाही. आणि फॉर्मवर कामाचा प्रकार लिहायचा रकाना असतो, तिथे आपली पोरे 'मजूर' लिहून मोकळी होतात. ज्याला रंधा धरता येतो त्याने तिथे 'सुतारकाम' लिहावे. फॉर्म भरताना अडचण आली तर रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात असतोच.

जयभीम.